अक्काची बत्तिसावी फाईल

असोद्यात माझ्या तरुणपणी जी दोन-तीन भुतं प्रसिद्ध होती, त्यातलं एक मी होतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भोळा समजणार नाही. दिवेलागणीला केळीच्या बागेच्या कडेला वडिलांचं धोतर डोक्यावरून घेऊन उभं राहायचं आणि जळगावहून सायकलवर येणाऱ्यांना नुसती मान हलवून दाखवायची. बस्स. एवढ्यावर चांगली दणकट माणसं सायकल टाकून पळाली आहेत. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पारावर बसून त्या भुताला चार हात होते म्हणून सांगायची, आणि मी शेजारी बसून "अरे बाप रे" म्हणायचो. तेव्हा या विषयातला मी ग्राहक नव्हे, कारखानदार. माझा कशावरही विश्वास बसत नाही. आजही नाही.

फक्त एक गोष्ट आहे. ती मला सुटत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. जळगावच्या नवीपेठेत, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं डीटीपीचं दुकान होतं. लाकडी जिना, लाकडी फळ्यांची जमीन. खाली जिन्याला लागून खलील मास्टरांचं टेलरिंगचं दुकान. वर मी कीबोर्ड बडवला की खाली त्यांना ऐकू जायचं, आणि खाली त्यांनी पायाने मशीन चालवली की माझ्या चहाच्या कपात लाटा यायच्या. लग्नसराईत पत्रिका, एरवी शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि वर्षभर श्रद्धांजलीची पत्रकं, असा धंदा. मशीन एकच. आज तुमच्या मनगटावरच्या घड्याळात त्याच्यापेक्षा जास्त ताकद असेल, पण तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत यायचे. मीच तशी पाटी लावली होती... धूळ नको म्हणून, आणि थोडा रुबाब म्हणूनही.

आता थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका. तेव्हाच्या मशीनला आजच्यासारखं सावकाश बंद होणं माहीत नव्हतं. बटण दाबलं की खटकन् अंधार. दिवसभराच्या कामाची दुसरी प्रत फ्लॉपीवर काढून ठेवायची असते, हे मला कळत होतं, पण संध्याकाळी घाईत ते राहून जायचं. म्हणून मी एक युक्ती केली. मशीनला कामांची यादी लिहून ठेवता यायची, तिला बॅच फाईल म्हणतात. नुसतं तिचं नाव टाइप केलं की यादीतली कामं मशीन ओळीने आपणहून करतं. माझ्या यादीत तीन कामं होती. दिवसभराच्या सगळ्या फायली फ्लॉप्यांवर उतरव, हार्ड डिस्क आवरून ठेव, आणि शेवटी पडद्यावर लिही की सगळं नीट झालं, आता बटण बंद करा.

या यादीचं नाव मी ठेवलं 'येतो'. आपल्याकडे घरातून निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही. मग मशीन तरी का न सांगता जाईल? आणि कुणी विसरू नये म्हणून मेन बटणावर मी पुठ्ठ्याचं झाकण चिकटवलं आणि त्यावर लाल स्केच पेनने लिहिलं — 'आधी येतो म्हणा'. झाकण उचलल्याशिवाय बटण दाबता येत नव्हतं आणि वाचल्याशिवाय झाकण उचलवत नव्हतं. जळगावात स्वतःहून बॅकअप घेणारं दुसरं मशीन नसेल, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो.

एक बारीक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती. फ्लॉपीत काही अडचण आली की पडद्यावर इंग्रजीत भलत्यासलत्या ओळी यायच्या आणि गिऱ्हाईक घाबरायचं. म्हणून त्या ओळी दिसूच नयेत अशी मी सोय केली होती. आत काहीही होवो, शेवटी पडद्यावर 'सगळं नीट झालं' हेच यायचं. ही ओळ लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवली नाही.

आता अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. शिंदखेड्याजवळच्या एका गावात दिलेली, धुळे जिल्ह्यात. लवकर विधवा झाली, मुलगा वाढवला, सून आणली. पण आसपासच्या पाच-सात गावांत तिची ओळख होती ती कानबाईच्या गाण्यांमुळे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते, घरात नैवेद्याचे रोट होतात, जागरण होतं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर निरोप. गाणी घराघराची वेगळी. अक्काच्या सासरच्या कानबाईची बत्तीस गाणी होती. बायका नुसतं पालुपद धरायच्या, कडवी अक्का एकटी म्हणायची. तिच्या सासूने तिला दिलेली, त्या सासूला तिच्या सासूने. कागदावर कुठेच नाही.

त्या वर्षीची कानबाई अक्काने घोगऱ्या आवाजात कशीबशी निभावली. नंतर धुळ्याच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि मुंबईला पाठवलं. भाद्रपदात ऑपरेशन झालं आणि घशातला आवाजाचा डबाच काढून टाकावा लागला. जीव वाचला म्हणाले. तपासण्यांसाठी ती जळगावला माझ्याकडे राहायला आली... गळ्याला पांढरा रुमाल आणि हातात शाळेतली दगडी पाटी. बोलायचं ते पाटीवर, तेही अहिराणीत, आणि आवाज गेला म्हणून तिखटपणा गेला नव्हता. माझी फ्लॉपी पहिल्यांदा पाहून तिने लिहिलं, "तुना मशीनले पापड लागस का रोज?" तेव्हाच्या फ्लॉप्या मोठ्या, काळ्या, वाकणाऱ्या. दिसायच्या पापडासारख्याच.

तिला वही हवी होती. मंगलसाठी, म्हणजे सुनेसाठी, गाणी लिहून ठेवायची होती. दोनशे पानी वही आण, एवढंच तिने मागितलं होतं.

मी वही आणली नाही. वहीला वाळवी लागते, शाई पसरते, आणि घरात कॉम्प्युटर असताना वही कसली, असं मोठं भाषण मी दिलं. तिला दुकानात आणून मशीनसमोर बसवलं. सातवी पास बाई, पंधरा दिवसांत मराठी कळा शिकली. रोज दुपारी तीन ते पाच ती बसायची आणि गाणी टाइप करायची. तिची एक लकब होती. प्रत्येक ओळ संपली की दोनदा मोकळी जागा द्यायची — टक टक — आणि मग एंटरची कळ धाडकन् मारायची, जणू टाळी देते आहे. खालून खलील मास्टर ओरडायचे, "अक्का, धीरे... मेरा काज इधर का उधर हो रहा." अक्का मुद्दाम आणखी जोरात मारायची.

मशीनला फ्लॉपी सरकवायच्या दोन खिडक्या होत्या. वरच्या खिडकीत माझ्या धंद्याची फ्लॉपी, खालच्या खिडकीत खास अक्काची. हार्ड डिस्कवरही तिच्या नावाचा वेगळा कप्पा होता. पाच वाजता ती 'येतो' टाइप करायची, दोन्ही फ्लॉप्या खर्रर करायच्या आणि ती पाटी उचलायची. पहिल्याच दिवशी तिने तक्रार लिहिली होती, "मी बाई शे. येतो कशी म्हनू?" मी म्हटलं, अक्का, मशीन म्हणतंय, तू नाहीस. त्यावर ती हसली. आवाज नसलेलं हसू बघायला जरा अवघड असतं... फक्त खांदे हलतात.

दसरा आला. दुकानात मशीनची पूजा. झेंडूची माळ पडद्याला, कीबोर्डावर अक्षता, हे सगळं तुमच्याकडेही झालं असेल. अक्का दाराशी मागे सरकून उभी होती. नवरा गेल्यापासून बारा वर्षांत कुठल्याही पूजेचं ताट कुणी तिच्या हातात दिलं नव्हतं, विधवेला तसं आमच्याकडे देत नाहीत. मला कुठून हुक्की आली कोण जाणे. मी नाटकातल्या राजासारखा वाकलो आणि म्हटलं, "महाराणी, तुमच्या फ्लॉपीची पूजा तुम्हीच करायची."

तिने पाटी खाली ठेवली. मग पुढे आली. आणि अंगठ्याने, अगदी मनापासून दाबून, तिने फ्लॉपीवर हळद लावली, कुंकू लावलं. नेमकं त्या लांबट उघड्या फटीत, जिथून मशीन फ्लॉपी वाचतं. तिला ते कपाळ वाटलं असणार.

मला दिसलं. त्या फटीला बोटसुद्धा लावायचं नसतं, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. पण अक्काचं तोंड बघितलं आणि माझ्याच्याने बोलवेना. ती वळल्यावर मी खिशातल्या रुमालाने कुंकू पुसलं, फुंकर मारली आणि फ्लॉपी खालच्या खिडकीत परत सरकवली. संध्याकाळी 'येतो' टाइप केलं. पडद्यावर आलं, सगळं नीट झालं.

दुसऱ्या दिवशीही तेच आलं. आणि पुढे तीन महिने रोज संध्याकाळी तेच येत राहिलं.

मार्गशीर्षाच्या शेवटी अक्काची एकतीस गाणी पूर्ण झाली. छापून काढ, असं तिने पाटीवर दोन-तीनदा लिहिलं. मी म्हटलं, बत्तिसावं होऊ दे, मग एकदम काढू, कडेला वेलबुट्टी घालून, पुस्तकासारखं. तर तिने मान हलवली. बत्तिसावं निरोपाचं, नदीवरचं. ते ती देणार नव्हती. पाटीवर लिहिलं, "ते गानं त्याच दिवशी. आधी लिखं तं कानबाई निंघी जाई." अवेळी निरोपाचं गाणं म्हटलं किंवा नुसतं लिहिलं, तरी देवी घर सोडते, अशी त्यांच्या घराची समजूत. मी खूप हसलो. म्हटलं, बरं बाई, श्रावणात सोमवारी दुपारी तीन वाजता तुला मशीनसमोर बसवतो, मग तर झालं? तिने गंभीरपणे मान डोलावली, सौदा पक्का झाल्यासारखी.

पौषात एका सकाळी मशीन सुरू केलं तर आतून खडे घोळल्यासारखा आवाज. हार्ड डिस्क गेली. मी मुळीच घाबरलो नाही, उलट खलील मास्टरांना वर बोलावलं. म्हटलं बघा, आता बॅकअपची कमाल बघा. वरच्या खिडकीतली फ्लॉपी दुरुस्तीवाल्याने आणलेल्या दुसऱ्या मशीनवर लावली. सगळ्या लग्नपत्रिका, सगळ्या प्रश्नपत्रिका, सहामाही इतिहाससुद्धा, सगळं जसंच्या तसं. मग अक्काची लावली.

काही नाही. वाचताच येईना. दुरुस्तीवाल्याने माझ्या मशीनची खालची खिडकी उघडली तर आत फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्यावर कुंकवाचा लाल थर बसलेला. दसऱ्यापासून एक अक्षर तिकडे उतरलं नव्हतं, आणि आधीची उतरलेली होती तीही खरवडून गेली होती. मशीन रोज सांगत असणार. मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

अक्काला सांगायला मला दोन दिवस लागले. कुंकवाचं नाव काढलं नाही. नुसतं डिस्क गेली म्हटलं. तिने पाटीवर लिहिलं, "बठ्ठा गयात का?" म्हणजे, सगळी गेली का? मी हो म्हटलं. मग तिने ते तळहाताने पुसलं आणि लिहिलं, "जाऊ दे."

मी दुसऱ्याच दिवशी वही आणली. दोनशे पानी. पण तोवर दुखणं पुन्हा डोकं वर काढत होतं, हात कापायला लागले होते. तीन ओळी लिहून तिने पेन खाली ठेवलं. पाटीवर फक्त "ताकद नही आते." एवढंच. फाल्गुनात अक्का गेली. शेवटी मंगल उशाशी होती. अक्काचे ओठ हलत होते आणि मंगल ते वाचायचा प्रयत्न करत होती... कुठल्यातरी गाण्याचं पालुपद असावं, म्हणाली. पालुपदं तिला येतच होती. कडवी येत नव्हती.

आता इथून पुढे जे सांगतो ते जसं झालं तसं सांगतो.

मशीनला नवी डिस्क बसली, खालची खिडकी साफ झाली. 'येतो'ची यादी मी नव्याने लिहिली आणि या वेळी मशीनचं तोंड मोकळं ठेवलं. किती फायली उतरल्या, ते स्पष्ट दाखव. त्या यादीत अक्काच्या कप्प्याची ओळ होती, ती काढायला माझा हात होईना. म्हणून नव्या डिस्कवर तिच्या नावाचा रिकामा कप्पा केला, खालच्या खिडकीत कोरी फ्लॉपी ठेवली. रोज संध्याकाळी पडद्यावर यायचं — अक्का, शून्य फाईल. ते वाचायचं, झाकण उचलायचं, बटण बंद करायचं आणि घरी जायचं. मी स्वतःला लावून घेतलेली शिक्षाच म्हणा.

आषाढ लागला त्या आठवड्यात एका संध्याकाळी पडद्यावर आलं, अक्का, एक फाईल.

मला वाटलं, माझीच काहीतरी चूक. कप्पा उघडला, रिकामा. फ्लॉपी उघडली, तर तिच्यावर एक फाईल. उघडून पाहिली. कानबाईच्या स्थापनेचं पहिलं गाणं. वर 'श्री'. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा.

फायलीपुढे वेळ दिसत होती. दुपारी चार वाजून दहा. त्या दिवशी दोन ते पाच नवीपेठेत वीज नव्हती. मी खाली मास्टरांच्या बाकावर बसून चहा पीत होतो.

मी कारखानदार माणूस, मी सहजी फसणार नाही. कुणीतरी माझ्यावर माझाच जुना खेळ करतंय, असं समजून कामाला लागलो. फ्लॉपी रात्री घरी नेऊ लागलो. दुकानाचं कुलूप बदललं. एके दिवशी तर दुपारी तीनला मशीनची पिन भिंतीतून उपसली, ती हातात धरून समोर खुर्ची टाकली आणि पाचपर्यंत पापणी न लववता बसलो. कळ हलली नाही, आवाज झाला नाही. पाचला पिन लावली, मशीन सुरू केलं, कप्पा पाहिला. रिकामा. 'येतो' टाइप केलं. अक्का, एक फाईल. वेळ, चार वाजून वीस मिनिटं.

रिकाम्या कप्प्यातून निघत होती आणि फ्लॉपीवर उतरत होती. आणि फक्त 'येतो' म्हटल्यावर. एके दिवशी मी न म्हणता बटण बंद करून पाहिलं, तर त्या दिवसाचं गाणं आलंच नाही. दुसऱ्या दिवशी तेच आलं, एक दिवस उशिराने. पुन्हा तसला प्रयोग मी केला नाही.

या वेळी मी शहाणा झालो होतो. रोज आलेलं गाणं त्याच संध्याकाळी छापायचं. दर शनिवारी मंगल पॅसेंजरने यायची आणि आठवड्याची पानं घेऊन जायची. पहिली पानं वाचताना ती जिन्यात बसून राहिली. मी तिला खरं ते सगळं सांगितलं होतं. तिने मला एकच विचारलं, "मामा, निरोपाचं बी येई का?"

मी म्हटलं येईल. का नाही येणार?

रविवार सोडून रोज एक. मी त्या दिवसांत इतका आनंदात होतो की गिऱ्हाइकांना पत्रिकेमागे एक गणपती फुकट घालून देत होतो. खलील मास्टरांना सगळं ठाऊक होतं, ते रोज सहाला जिन्याखालून विचारायचे, "आया क्या?" आणि मी वरून "आया" म्हणायचो. कानबाईच्या आदल्या शनिवारी एकतिसावं आलं. मंगल ते घेऊन गेली.

राहिलं एक.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? रविवारी कानबाई बसणार, सोमवारी निरोप. कानबाईची ओटी अक्काच्या माहेराहून जायची, दरवर्षी मीच न्यायचो. सगळा खानदेश त्या दिवशी आपापल्या घरच्या कानबाईपाशी असतो. आणि माझ्या मनाने घेतलं होतं की शेवटचं गाणं अक्का नदीवरच आणेल. जिथे कानबाई, तिथे ती. मंगल डोक्यावर कानबाई घेऊन पाण्यात उतरेल आणि कडवं आपोआप तिच्या तोंडी येईल... असं काहीतरी नाटकी चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला नाटकी चित्रं फार सुचतात. शनिवारी संध्याकाळी मी मशीनची पिन काढली, वर कापड घातलं, दुकानाला कुलूप लावलं आणि रविवारच्या पॅसेंजरने शिंदखेड्याला गेलो.

एकतीस गाणी मंगलने म्हटली. कागदात बघत, अडखळत, पण म्हटली. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या.

सोमवारी दुपारी आम्ही नदीवर पोचलो. वाजंत्री थांबली. बायकांनी पालुपद धरलं — 'येजो वं माय, येजो' — परत ये गं आई, परत ये. पालुपद संपलं आणि सगळ्या मंगलकडे बघायला लागल्या. मंगलने ओठ उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी काठावर उभा होतो, ओटीचं ताट घेऊन. काहीच आलं नाही. बायकांनी पुन्हा पालुपद म्हटलं. पुन्हा थांबल्या. चार-पाच वेळा असं झालं... नुसतं 'येजो, येजो' आणि मधे कडव्याएवढी शांतता. शेवटी एक म्हातारी म्हणाली, पोरी, टेकव आता. कानबाई पाण्यात गेली.

मंगळवारी मी जळगावला परतलो. जिन्यापाशी पोचलो तर खलील मास्टर गळ्यात टेप घालून बाहेरच उभे.

"क्या भाऊ, कल गाँव नहीं गये तुम?"

मी म्हटलं गेलो होतो, आत्ताच येतोय.

त्यांनी गळ्यातला टेप काढून हातात गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "फिर ऊपर कौन था? तीन बजे से चालू... टक टक, धाड. टक टक, धाड. मैं समझा तुम हो. पाँच बजे तक चला. फिर बहुत देर तक कुछ नहीं. फिर एक ही बटन, बार बार... जैसे कोई किसी को बुला रहा."

जिना मी कसा चढलो, आठवत नाही. कुलूप तसंच होतं. कापड तसंच, पिन मी ठेवली होती तशी खुर्चीच्या पाठीवर लटकवलेली. पिन लावली. मशीन सुरू झालं. कप्पा रिकामा. 'येतो' टाइप केलं. दोन्ही खिडक्या खर्रर करून गप्प झाल्या.

अक्का, शून्य फाईल.

तिने सांगितलं होतं, 'त्याच दिवशी'. तिने मान डोलावली होती, 'सोमवारी तीन वाजता, मशीनसमोर'. नदी, देवी, मंगलचे ओठ, हे सगळं माझं. तिला ठाऊक असलेली वाट एकच होती, आणि त्या वाटेच्या टोकाला संध्याकाळी पाच वाजता कुणीतरी बसून 'येतो' टाइप करायला हवं होतं. एवढंच काम होतं माझं. माझं स्वतःहून चालणारं, जळगावात एकुलतं एक असलेलं यंत्र दुकान बंद असलं की चालत नव्हतं.

त्यानंतर एकही फाईल आली नाही.

हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. दुरुस्तीवाल्याला विचारलं, कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एका सरांना विचारलं. सर म्हणाले, जुन्या डिस्कवरचं काहीतरी कुठेतरी राहिलं असेल. मी म्हटलं, डिस्क नवी होती. मग म्हणाले, फ्लॉपी? मी म्हटलं, कोरी. मग त्यांनी चहा मागवला. ती फ्लॉपी माझ्या कपाटात आहे, पण आता ती कुठल्याच मशीनवर वाचली जात नाही. पुरावा म्हणून दाखवायला डॉट मॅट्रिक्सवर छापलेली एकतीस पानं आहेत मंगलकडे, शाई फिकी पडलेली. ती मीही टाइप करून ठेवू शकलो असतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

मी कानबाईला गेलो नाही, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ओटी माझी बायको नेते. मंगलचे केस पांढरे झाले. तिकडे नदीवर अजून नुसतं पालुपद म्हणतात आणि मधली जागा तशीच रिकामी सोडतात. नव्या सुनांना वाटतं, तशीच रीत आहे.

मी त्या सोमवारी दुकानात असतो. डीटीपीचा धंदा केव्हाच संपला, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरतो. खलील मास्टर गेले, त्यांच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. पण कोपऱ्यात ते जुनं मशीन आहे. वर्षातून एकदाच लावतो. तीन वाजता कापड काढतो, खुर्ची त्याच्यासमोर ओढून मी बाजूला स्टुलावर बसतो. खुर्ची रिकामी ठेवतो. वर काही ऐकू आलं म्हणून खालून कुणी हाक मारतं का, इकडे कान असतो. पाच वाजले की उठतो आणि 'येतो' टाइप करतो.

गेल्या श्रावणातही केलं. शून्य फाईल. थोडा वेळ थांबलो, मग पुठ्ठ्याचं झाकण उचलून बटण बंद केलं.